दुसरी डावी मोटर

१

माणसाला डावा हात एकच असतो, खुर्चीला डावी बाजू एकच असते आणि आमच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे त्या बाजूची मोटर पाच वर्षांतून एकदाच बदलून मिळते. सोमवारी सकाळी साहेबांनी माझ्या टेबलावर जी फाइल टाकली, तिच्यात एकाच व्हीलचेअरच्या डाव्या मोटरचं बिल दुसऱ्यांदा आलं होतं. पहिलं सात महिन्यांपूर्वी मंजूर झालं होतं. बिल होतं, मोटर मिळाल्याची पोच होती, पोचेवर सही होती.

"सरळ फसवणूक आहे," साहेब म्हणाले. "पहिली मोटर परस्पर विकली असणार. शुक्रवारी पत्र काढू. विमा रद्द, पुन्हा कधी अर्ज आला तरी दारातून परत."

"मग माझ्याकडे कशाला दिलीत?"

"तपास केला असं लिहावं लागतं ना."

मी विमा कंपनीत तपासनीस आहे. एकतीस वर्षं झाली. ऑफिसात पाठीमागे मला 'चाळण' म्हणतात आणि मला ते ऐकू येतं हे त्यांना माहीत नाही. माझी तक्रार नाही. दगड निघाला की चाळणीचं नाव होतं, नाही निघाला तर तिला कुणी विचारत नाही, एवढाच काय तो या नोकरीचा हिशेब आहे.

फाइलमध्ये खुर्चीच्या मालकिणीचं पत्र होतं. बाई एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढणं हे त्यांचं काम. पत्रात लिहिलं होतं: 'मला याआधी कोणतीही मोटर मिळालेली नाही. मी स्वतः येऊन सांगितलं असतं, पण खुर्ची सध्या एकाच मोटरवर चालते, त्यामुळे ती फक्त गोल फिरते. आठ दिवसांत या खोलीच्या चारही भिंती माझ्या पाठ झाल्या आहेत. ता. क. आपल्या छापील अर्जात "पुनर्स्थापना" हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापला आहे. खुणा करून पाठवत आहे.'

सोबत खरंच आमचा अर्ज होता, लाल शाईने रंगवलेला. विमा रद्द झाला तर मोटरच काय, टायर, बॅटरी, बैठक, सगळंच या बाईंना स्वतःच्या पगारातून घ्यावं लागणार होतं. त्या पगारात ते बसणं शक्य नव्हतं. खुर्ची नाही तर छापखाना नाही, छापखाना नाही तर पगार नाही.

मी छत्री आणि वही घेतली आणि निघाले.

२

दार एका पस्तिशीच्या माणसाने उघडलं. छातीवर एका ड्रायव्हिंग स्कूलचा बिल्ला होता. "मी धाकटा भाऊ," तो म्हणाला आणि मी कुठून आले ते कळताच त्याचा चेहरा पडला.

बाई आत खिडकीपाशी होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, मांडीवर पाटी आणि पाटीवर छापखान्यातून आलेले कागद. मला बघून त्यांनी पेन कानामागे खोचलं.

"तीनही ठिकाणी दुरुस्त केलात का शब्द?"

"वर कळवलंय."

"वर कळवलं म्हणजे राहिलंच. बसा. गंमत दाखवते."

त्यांनी हातातली दांडी पुढे ढकलली. खुर्ची घुर्र करून निघाली आणि पुढे जाण्याऐवजी डावीकडे वळली, वळत राहिली आणि एक पूर्ण फेरा घेऊन माझ्यासमोर परत आली. "घाण्याचा बैल तरी तेल काढतो," त्या म्हणाल्या.

मी परवानगी घेऊन खाली वाकले. दोन्ही मोटरींवर नंबर कोरलेले होते. ते वहीत उतरवले आणि खुर्ची घेतली तेव्हाच्या कागदाशी ताडून पाहिले. दोन्ही सात वर्षांपूर्वीचेच होते. म्हणजे या खुर्चीला नवी मोटर कधी बसलेलीच नव्हती. एक तर ती या घरात आली नव्हती, नाहीतर खोक्यातल्या खोक्यात आली आणि तशीच गेली होती.

"ही सात महिन्यांपूर्वीची पोच," मी कागद पुढे केला. "खाली तुमची सही आहे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आमच्या अर्जातल्या चुका ज्यांनी एका बैठकीत काढल्या असतील, त्या बाईंना एवढीशी सही वाचायला चांगली दोन मिनिटं लागली. आत स्वयंपाकघरात भावाच्या हातून काहीतरी पडलं.

बाईंनी त्या दिशेला पाहिलं नाही. कागद माझ्याकडे परत देताना त्या अगदी हळू बोलल्या.

"सही माझीच आहे. मोटर मला मिळाली होती. मी ती विकली. तसं लिहून देते, तुम्ही फाइल बंद करा."

३

त्यांनी खरंच लिहून दिलं. चार ओळी, सुंदर अक्षर. रस्त्यावर येऊन मी त्या पुन्हा वाचल्या आणि थांबले. 'मोटर मला मीळाली' असं त्यांनी लिहिलं होतं. मि दीर्घ. दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर आयुष्य काढलेली बाई स्वतःच्या हाताने ही चूक करते, तेव्हा तिचं लक्ष शब्दांवर नसतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ असले की माणूस काय वाट्टेल ते लिहून देतो.

तिथून मी खुर्च्यांच्या दुकानात गेले. बिल तिथलं होतं आणि दुरुस्तीही तिथेच होत असे.

खाली कारखाना, वर काचेची केबिन. कारखान्यात एक निवृत्त हेडमास्तर आपल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर मिस्त्री बसला होता. पन्नाशी पार केलेला, कोपरापर्यंत ग्रीस.

"डावा ब्रेक ढिला झालाय, मास्तर," मिस्त्री म्हणाला.

"उजवा म्हण," मास्तर पेपरातून म्हणाले.

"तोच."

दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. पाना फिरला, ब्रेक घट्ट झाला.

मिस्त्रीला मी मोटरबद्दल विचारलं. "त्या ताईंच्या खुर्चीला? मी कधी मोटर लावली नाही. टायर लावलेत, ब्रेक केलेत. मागच्या आठवड्यात गेलो होतो बघायला, तेव्हा मोटर मेलेली सापडली, तसं कार्ड भरलं."

"कार्ड म्हणजे?"

त्याने दाखवलं. प्रत्येक कामाचं एक छापील कार्ड. सुट्या भागांची यादी, काम झालं त्यावर बरोबरची खूण आणि शेजारी 'डा' आणि 'उ' ही दोन अक्षरं, त्यांतल्या एकाला गोल करायचा. खाली मिस्त्रीचा रबरी शिक्का. "ग्रीसच्या हातांनी सही कुठे करणार? म्हणून शिक्का. तो काय, खिळ्याला लटकतोय."

खिळा कारखान्याच्या दारातच होता. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाचाही हात पोचेल असा.

बिलं करणाऱ्या ताई जिन्याखालच्या टेबलावर होत्या. मिस्त्रीच्या कार्डावरून बिल करायचं आणि विमा कंपनीला पाठवायचं, हे त्यांचं काम. मी दुसऱ्या बिलाचं विचारताच त्यांचे डोळे भरून आले.

"मालक प्रदर्शनाला परगावी होते. मी नेहमीसारखं पाठवून दिलं. तर आल्यावर माझ्यावर काय ओरडले! 'मला न विचारता पाठवलंसच कसं?' नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला काय माहीत, आधी एक बिल गेलंय म्हणून? ते मी केलंच नव्हतं. मी त्या दिवशी रजेवर होते."

"मग कुणी केलं?"

"मालकच करतात मी नसले की."

मालक केबिनमध्ये होते. गोड माणूस. मला चहा, बिस्किटं, पंखा, सगळं विचारून झालं. "फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "ताई किती हुशार! पण माणूस अडला की करतो. कंपनीनं फोन केला तेव्हाच मी सांगितलं, विकली असेल बिचारीनं." मग त्यांनी सात महिन्यांपूर्वीचं कार्ड काढून दिलं. मोटरसमोर बरोबरची खूण, 'डा'भोवती गोल, खाली मिस्त्रीचा शिक्का. बिलातही डावी, पोचेतही डावी. सगळं एकमेकांशी इतकं जुळत होतं की आमचे साहेब खूश झाले असते.

"पण मोटर बसलेलीच नाही खुर्चीला," मी म्हणाले. "आणि कार्ड म्हणतं, बसवली."

मालक खुर्चीत मागे रेलले. मग दार लोटून घेत आवाज उतरवला. "मला बोलायचं नव्हतं. पण मिस्त्री आणि त्यांचा तो भाऊ, दोघांचं फार गूळपीठ आहे हो."

४

ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान गावाबाहेर होतं. पांढऱ्या रेघा, प्लास्टिकचे लाल सुळके आणि मधोमध एक छोटी गाडी. भाऊ गाडीच्या समोर उभा राहून हातवारे करत होता. आत एक साठीच्या बाई स्टिअरिंगच्या गळ्यात पडल्यासारख्या चिकटल्या होत्या. बाजूला शिकाऊंसाठी बाक होता, त्यावर मी बसले.

"काकू, डावीकडे घ्या! डावीकडे!"

गाडी त्याच्या हाताबरोबर काकूंच्या उजवीकडे गेली आणि एक सुळका आडवा झाला. भावाने कपाळाला हात लावला. मग हसून खिडकीपाशी गेला. "माझं चुकलं. मी तुमच्या समोर उभा. हात दाखवला माझ्या डावीकडे आणि तोंडानं म्हणालो तुमची डावी. माझी डावी ती तुमची उजवी. तुम्ही माझ्या हाताकडे बघूच नका."

काकू तणतणत उतरल्या. तो माझ्याकडे आला आणि न विचारताच बाकावर बसला.

"ताईनं काय लिहून दिलं?"

"मोटर मिळाली, मी विकली."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी वाट पाहिली. या धंद्यात निम्मं काम वाट बघण्याचंच असतं.

"सही मी केली," तो शेवटी म्हणाला. "तिच्या नावाची. पण मोटर मी डोळ्यांनी पाहिली नाही, शप्पथ. त्या दिवशी दुकानाचे मालक स्वतः आले होते. ताई छापखान्यात. म्हणाले, जुन्या गिऱ्हाइकांना हात टेकायच्या दोन गाद्या फुकट देतोय. फुकट ते पौष्टिक, मी घेतल्या. त्यांनी पोच पुढे केली. कोरी होती. म्हणाले, वरचं मी नंतर भरतो, ताईंच्या नावानं सही टाका."

"आणि तुम्ही टाकलीत."

"ताईला द्यायची तर ती आधी सगळं वाचणार. मग लाल पेन काढणार. मग मालकांना बसवून शुद्धलेखन शिकवणार. मला क्लासला उशीर होत होता." त्याने सुस्कारा टाकला. "आणि त्याच महिन्यात मी ही जुनी गाडी घेतली क्लाससाठी. आता तिला काय वाटलं असेल, सांगा."

काय वाटलं असेल ते चार ओळींत माझ्या पिशवीतच होतं. भावाने आपली मोटर विकून गाडी घेतली, अशी बाईंची समजूत झाली होती आणि तरी आळ त्यांनी स्वतःवर घेतला होता.

"तिला का नाही सांगितलंत?"

"ती मला फाडून खाईल."

"ती तुम्हाला वाचवायला निघालीय."

तो रडायला लागला. मैदानावर काकू आडवा पडलेला सुळका स्वतःच उभा करत होत्या. माझ्या डोक्यात मात्र त्यांचंच वाक्य, म्हणजे त्यांना म्हटलेलं वाक्य घोळत होतं. माझी डावी ती तुमची उजवी. आणि बुटक्या स्टुलावरून वर न बघता म्हटलेलं 'तोच'.

भावाची गोष्ट खरी असेल तर मालक खोटे. पण ज्याने स्वतः खोटी सही केली त्याच्या शब्दावर साहेब पत्र थांबवणार नव्हते. मला कागद हवा होता. आणि तो कुठे असेल, ते मला आता कळलं होतं.

५

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच मी बिलांच्या ताईंसमोर जाऊन बसले. मालक अजून यायचे होते.

"मिस्त्रीची जुनी कार्डं कुठे असतात?"

टेबलाखालून त्यांनी तारेची जुडी काढली. वर्षावर्षाची कार्डं एकेका तारेत ओवलेली. आमच्या कंपनीकडे फक्त बिलं येतात, कार्डं कधी कुणी मागत नाही. मीही एकतीस वर्षांत मागितली नव्हती, हे इथे कबूल केलेलं बरं.

पहिलं कार्ड हेडमास्तरांचं निघालं. ब्रेक, 'उ'ला गोल. बिल काढलं. बिलात डावा ब्रेक.

दुसरं. चाक, 'डा'ला गोल. बिलात उजवं.

तिसरं, चौथं, पाचवं. एकही जुळेना. बावीस कार्डं पाहिली, बावीसही उलटी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ताई लाजल्या. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नसावं. "मिस्त्री गिऱ्हाइकाच्या समोर बसतात ना स्टुलावर. मग त्यांच्या डाव्या हाताला जे येतं, ते गिऱ्हाइकाचं उजवं. ते त्यांच्या हाताप्रमाणे गोल करतात. बिल मात्र बसणाऱ्याच्या बाजूनं करावं लागतं. सुरुवातीला एकदा उलटा भाग मागवला गेला, तेव्हा आमचं ठरलं. ते आपलं लिहितात, मी आपलं उलटं करते. आता बघावंही लागत नाही, हात आपोआप जातो."

"मालकांना माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? ते उंटावरून शेळ्या हाकणारे. खाली कधी बसलेत?"

मी पिशवीतून सात महिन्यांपूर्वीचं कार्ड काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. 'डा'ला गोल. शेजारी बिल, डावी मोटर.

ताईंनी एकदा कार्डाकडे, एकदा बिलाकडे पाहिलं. त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"हे तर जुळतंय," त्या म्हणाल्या.

"अशी जुळणारी अजून किती आहेत, ते शोधायचंय. तुमच्या रजांची नोंद आहे?"

कॅलेंडरावर होती. आम्ही दोघी चार वर्षांच्या तारा सोडून बसलो. साडेअकरापर्यंत टेबलावर जुळणाऱ्या कार्डांचा एक छोटा गठ्ठा झाला. नऊ कार्डं, नऊ निरनिराळी गिऱ्हाइकं. नऊही तारखांना ताई रजेवर.

दारात बुटांचा आवाज आला.

६

"आज पुन्हा इकडे?" मालक हसत म्हणाले. "चहा सांगू?"

"आधी एक काम करा," मी म्हणाले. कारखान्यात एक रिकामी खुर्ची होती. मालकांना मी तिच्यासमोर उभं केलं. "हिच्या डाव्या ब्रेकला हात लावा."

मालकांना गंमत वाटली. त्यांनी क्षणभर विचार केला, स्वतःला मनातल्या मनात खुर्चीत बसवलं आणि बसणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या ब्रेकला हात लावला. अगदी बरोबर.

"मिस्त्री, तुम्ही."

मिस्त्री स्टुलावर बसला आणि काही विचार न करता दुसऱ्या ब्रेकला हात लावला.

मालकांचं हसू अर्धवट राहिलं.

"या दुकानात खरं काम झालं की कार्ड आणि बिल जुळत नाही," मी म्हणाले. "मिस्त्री आपल्या हातानं लिहितो, ताई ते उलटं करतात. ही गोष्ट फक्त दोघांना माहीत. मोटरचं खोटं कार्ड मिस्त्रीनं भरलं असतं, तर त्यानं सवयीनं 'उ'ला गोल केला असता. ताईंनी भरलं असतं, तरी त्यांनी 'उ'लाच केला असता, कारण खऱ्या कार्डासारखं दिसायला हवं. 'डा'ला गोल तोच करील, ज्याला वाटतं कार्ड आणि बिल जुळायला हवं. सगळ्या जगाला तसंच वाटतं. म्हणून तर तुम्ही ते नीट जुळवलंत."

"शिक्का मिस्त्रीचा आहे," मालक म्हणाले.

"शिक्का दारात लटकतोय."

"तो त्या दिवशी चुकून बरोबर लिहून गेला असेल."

मिस्त्रीने पहिल्यांदा मान वर करून मालकांकडे पाहिलं. सतरा वर्षं त्याने त्यांच्याकडे काम केलं होतं.

"चुकून बरोबर," मी म्हणाले. "आणि असं नऊ वेळा? नऊही वेळा ताई रजेवर असताना?" मी गठ्ठा पुढे ठेवला. "कुणाच्या नावावर मोटर, कुणाच्या चाक. लवकर बिघडणार नाहीत असेच भाग निवडलेत. पाच वर्षं कुणी मागायला येणार नाही, असा अंदाज होता तुमचा. एक मोटर लवकर मेली आणि तुम्ही नेमके परगावी होता."

"त्या खुर्चीवाल्या ताईंनी लिहून दिलंय ना, विकली म्हणून?" मालकांचा आवाज चढला. "मग?"

"ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

आमच्या साहेबांना मात्र मी बुधवारी सांगितलं होतं आणि साहेबांनी दुकानात फोन केला असणार. त्याबद्दल साहेबांशी मी नंतर बोलणार होते. सध्या मालकांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. ते टेकायला काहीतरी शोधू लागले आणि शेवटी मिस्त्रीच्या बुटक्या स्टुलावर बसले. तिथून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. डावा हात पुढे केला, मग मागे घेतला.

"असं दिसतं होय इथून," ते म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हेडमास्तर तेवढ्यात आत येत होते. त्यांनी विचारलं, काय झालं. कार्डांच्या गठ्ठ्यात त्यांचंही नाव होतं, उजव्या चाकासाठी. कागदोपत्री ते वर्षभर नव्या चाकावर फिरत होते.

"तरीच म्हटलं," मास्तर खाली वाकून आपलं झिजलेलं चाक बघत म्हणाले, "इतकं गुळगुळीत कसं काय चालतंय."

७

पत्र शुक्रवारी निघालं, पण ते दुकानाला. नऊ गिऱ्हाइकांची खोटी बिलं नोंदींतून काढली. साहेबांनी फाइलवर 'तपास केला' असं लिहिलं. माझं नाव घातलं नाही. या वेळी दगड निघूनही चाळणीचं नाव झालं नाही.

दुसऱ्या आठवड्यात नवी मोटर बसवायला मिस्त्री गेला तेव्हा मीही गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. एक कागद परत द्यायचा होता, एवढंच.

"यात एक चूक आहे," मी बाईंना म्हणाले आणि त्यांचा कबुलीजबाब त्यांच्या पाटीवर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. 'मीळाली' दिसताच त्यांनी स्वतःशीच चक् केलं. "एक कुठे? पहिल्या शब्दापासून सगळंच चूक." कानामागचं लाल पेन काढून त्यांनी चारही ओळींवर आडवी रेघ मारली आणि समासात शेपटीसारखी वळणदार खूण काढली. मजकूर काढून टाका, असा तिचा अर्थ, असं त्यांनी मला समजावलं. मग पेन हातातच राहिलं. "धाकट्यावर मी संशय घेतला," त्या म्हणाल्या. "आईच्या माघारी मी वाढवला त्याला. सहीतलं त्याचं वळण मी बघताक्षणी ओळखलं आणि पुढचं सगळं न वाचताच ठरवून टाकलं. आयुष्यभर लोकांना सांगत आले, शेवटपर्यंत वाचा म्हणून."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"डावी मोटर बसली, ताई," मिस्त्री स्टुलावरून म्हणाला. मग थांबला, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि लाजला. "म्हणजे तुमची डावी. माझी उजवी. आता नीट म्हणायचं ठरवलंय."

"नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही आपलं उलटंच म्हणा. त्यानंच तर वाचले."

त्यांनी दांडी पुढे ढकलली. खुर्ची घुर्र करून निघाली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा नाकासमोर गेली. नाकासमोर स्वयंपाकघराचं दार होतं आणि दारात धाकटा भाऊ भिंतीला पाठ लावून उभा होता. तिथे तो किती वेळ होता कोण जाणे. खुर्ची त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबली.

मग बाईंनी पाटीवरचा एक कोरा कागद ओढला, त्यावर पेन ठेवलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"सही कर."

सवयीने त्याचा हात पेनाकडे गेला. मग मधेच थांबला.

"आधी वाचतो," तो म्हणाला.

"कोरा आहे."

"मग नाही करत."

बाईंनी मान हलवली, कागद खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून त्याचा कान पकडला. पिळायला म्हणून पकडलेला कान त्यांनी पिळला नाही, नुसता धरून ठेवला, आणि तो तसाच वाकून उभा राहिला.